दिवसभर झाडावर: सॅडलचा ब्रिज, टेदर आणि खुब्यातली कळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात असताना आठ-दहा वर्षं सुळके चढलात, आता पेनसिल्व्हेनियात राहता आणि गेल्या हंगामापासून धनुष्यानं हरणाची शिकार करू लागलात. सॅडल, म्हणजे दोरानं झाडाला अडकवून उंचावर बसायची कापडी झोळी, घेतलं, पण तीन तासांत खुब्यांत कळ येते, पावलं बधिर होतात आणि सकाळी अकराच्या आत खाली उतरावं लागतं. यंदा नोव्हेंबरात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वर राहायचंय. त्यासाठी जुना प्रस्तरारोहणाचा हार्नेस वापरला तर चालेल का, आणि चढायला स्टिक (खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या) बऱ्या की दोर?

हार्नेस नको. तो पडणारा माणूस झेलण्यासाठी केलेला असतो. कमरेचा पट्टा अरुंद, मांड्यांचे फास त्याहून अरुंद आणि सगळा भार पुढच्या एका बिले लूपवर, म्हणजे दोर अडकवायच्या कडीवर. तैलबैल्याच्या भिंतीवर लटकत बिले देताना, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळताना, पंधराव्या मिनिटाला मांड्यांचं काय होतं ते तुम्ही अनुभवलेलंच आहे. सॅडलमध्ये भार ढुंगणाखालच्या रुंद कापडावर येतो. खुब्यांजवळच्या दोन कड्यांमध्ये दोराचा एक तुकडा असतो, तो ब्रिज. टेदर म्हणजे झाडाला बांधलेला मुख्य दोर. त्याचा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) त्या ब्रिजवरून डावी-उजवीकडे सरकतो, म्हणून तुम्ही झाडाभोवती वळू शकता. ज्यांनी सॅडल पाहिलेलं नाही त्यांनी विजेच्या खांबावर पट्टा टाकून मागे रेललेला आपला वायरमन आठवावा. तोंड झाडाकडे, पाय एका छोट्या प्लॅटफॉर्मवर, पाठ मोकळी.

आता खुब्यातली कळ. बहुतेक जण ती आली की जाड गादीचं महाग सॅडल शोधायला लागतात. मीही दोन सॅडल बदलली आणि दोन हंगाम वाया घालवले. दोष कापडात नव्हता, ब्रिजच्या लांबीत होता. तुम्ही कड्यावर दोन बोल्टना दोर बांधून अँकर केलेले आहेत, त्यामुळे हे चटकन कळेल. दोन बोल्टकडे जाणाऱ्या दोरांमधला कोन वाढला की प्रत्येक बोल्टवरचा ताण वाढतो आणि १२० अंशांना दोन्ही बोल्टवर अख्खा भार येतो, हे आपण पहिल्या शिबिरातच शिकतो. सॅडलमध्ये तोच कोन उलटा धरा. दोन बोल्टच्या जागी तुमचे दोन खुबे आहेत, आणि ब्रिजचा आडवा ताण त्यांना दोन्ही बाजूंनी आत दाबतो.

आकडेच घ्या. कड्यांमधलं अंतर १६ इंच आणि दोरावर येणारं वजन ६० किलो धरा. ब्रिज २४ इंचांचा असेल तर मधला कोन साधारण ८४ अंशांचा होतो आणि प्रत्येक खुब्यावर आत दाबणारा जोर सुमारे २७ किलोंचा. तोच ब्रिज ३४ इंचांचा केला की कोन ५६ अंशांवर येतो आणि जोर १६ किलोंवर. दहा इंच दोर सोडल्यावर प्रत्येक बाजूचे अकरा किलो कमी झाले, आणि खर्च शून्य. म्हणून आधी ब्रिज लांब करा. मर्यादा एवढीच, की बसल्या जागी कॅराबिनर हाताला सहज लागला पाहिजे आणि धनुष्य खेचताना दोर कोपराच्या आड येता कामा नये. ब्रिज ठरलेल्या लांबीचा शिवलेला असेल तर तो स्वतः बदलू नका. कंपनीचाच, लांबी बदलता येणारा ब्रिज घ्या. आणि बारीक, निसरड्या डायनीमा दोरीवर मनानं गाठी मारू नका, त्या दोरीत गाठ सरकते.

ब्रिजनंतर सॅडल किती खाली ओढता ते पाहा. कापडाची खालची कड मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागावर आली पाहिजे. हार्नेसच्या सवयीमुळे आपण सॅडलही कमरेवर घट्ट आवळतो, तिथेच चुकतं. कमरेचा पट्टा सॅडल घसरू नये एवढाच आवळा. मांड्यांचे पट्टेही ढिले ठेवा, भार त्यांच्यावर यायचा नाही. पँटचा चामडी पट्टा, खिशातली किल्ली, फोन, जाड शिवण, काहीही खुब्याच्या हाडाखाली नको. मी शिकारीच्या पँटला पट्टा लावणंच सोडलं, खांद्यावरून जाणारे सस्पेंडर वापरतो. दोन पट्ट्यांची सॅडल मिळतात. त्यांतला खालचा पट्टा मांड्यांखाली आणि वरचा कमरेमागे सरकवून बसता येतं. दिवसभर बसणाऱ्याला मी तीच सुचवेन, पण ब्रिज नीट बसवल्यावर. आधी नको.

टेदरची उंची हा त्याचाच भाऊ. प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर टेदर कपाळाच्या रेषेत बांधलात तर शरीर मागे रेलतं आणि वजनाचा बराच वाटा पायांवर जातो. वीतभर वर बांधलात तर बसता येतं, वजन सॅडलवर येतं आणि गुडघे झाडाला टेकतात. दोन्ही गोष्टी एकाच उंचीवर छान जमत नाहीत. मी पहाटे रेलण्याच्या उंचीवर बांधतो, कारण तेव्हा अंगात ऊब असते आणि बाण सोडण्याची संधी याच वेळी जास्त. साडेदहाच्या सुमारास जंगल शांत झालं की टेदर वर सरकवून बसतो, आणि तीनला पुन्हा खाली आणतो. टेदर सरकवताना लाइनमनचा पट्टा झाडाभोवती टाकून त्यावर भार घ्यायचा, मगच टेदरला हात लावायचा.

दिवसभर म्हणजे किती ते समजून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथे दिवस दहा-साडेदहा तासांचा असतो. सूर्योदयाआधीचा अर्धा तास आणि सूर्यास्तानंतरचा अर्धा तास शिकारीला मुभा, म्हणजे अकरा-साडेअकरा तास. त्याआधी अंधारात चढायचं, म्हणजे बारा. एवढा वेळ वर राहण्यात अर्थ आहे, कारण व्हाइटटेल या इथल्या हरणाच्या माजाचा हाच काळ. दिवस लहान होत जातो तसा तो सुरू होतो, आणि एरवी रात्रीच हिंडणारा मोठा नर भर दुपारी माद्यांच्या मागावर निघतो. अकराला उतरणारा माणूस साडेबाराचा नर पाहत नाही.

पण बारा तास एकाच आसनात कोणतंही सॅडल सुसह्य होत नाही. मी चार आसनं फिरवत राहतो. दोन्ही पायांवर रेलणं. गुडघे झाडाला टेकवून बसणं, त्यासाठी गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या असतात. एका पायावर भार देऊन झाडाच्या बाजूला खांदा लावून रेलणं. आणि झाडाला बिलगून सरळ उभं राहणं. कळ यायची वाट न पाहता वीस-पंचवीस मिनिटांनी आसन बदलायचं. वाऱ्याची झुळूक आली, खार पाचोळ्यातून धावली, की त्या आवाजाच्या आडून हलायचं. दुखायला लागल्यावर हललेला माणूस घाईनं हलतो, आणि हरणाला नेमकं तेच दिसतं. दुसरीही गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. थंडीनं काकडलेल्या, पाय बधिर झालेल्या माणसाचा बाण भलतीकडे लागतो. मग ते जनावर जखमी होऊन रात्रभर कुठेतरी पडून राहतं. आराम मी त्यासाठी मागतो. अंग ताब्यात नसेल तर धनुष्य खेचायचं नाही.

पावलांचं दुखणं प्लॅटफॉर्ममुळे असतं. हलका म्हणून चिमुकला प्लॅटफॉर्म घेतला की तळव्याचा मधला भाग दिवसभर धातूच्या कडेवर राहतो. प्लॅटफॉर्म थोडा मोठा घ्या, पाऊण-एक किलो जास्त वाहा. तो झाडावर बसवल्यावर टाचेनं जोर देऊन पक्का करा, आणि सपाट आहे ना ते पाहा. जरासा उतार असला तरी दुपारपर्यंत पोटऱ्या जळतात. प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यानं बांधायच्या एक-दोन पायऱ्या लावल्यात तर बाजूला रेलायला आणि वळून बाण मारायला पाय ठेवायची जागा मिळते. बूट मऊ तळाचे नकोत. रबरी बूट वासाच्या दृष्टीनं चांगले, पण त्यांत ताठ तळ असलेलेच निवडा.

तुम्ही उजवे असाल तर झाडाकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमच्या डाव्या हाताला येणारा नेम सर्वांत सोपा. म्हणून झाड निवडताना हरणांची वाट डावीकडे येईल आणि खोड तुमच्या व वाटेच्या मधे राहील असं पाहा. उजव्या बाजूचा नेम जमतो, पण त्यासाठी अंगाला पूर्ण वळण द्यावं लागतं. ब्रिज लांब असेल तर ते वळणही सोपं होतं.

आता चढणं. इथल्या स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे राज्याच्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनींवर, झाडाला इजा करणारे स्क्रू-खिळे चालत नाहीत, त्यामुळे पट्ट्यानं किंवा दोरानं बांधायच्या स्टिकच हव्यात. तुमच्यासारख्या चढणाऱ्याला एका स्टिकवर चढून रॅपल करत, म्हणजे दोरावरून सरकत, उतरण्याचा मोह होणार. एक स्टिक, तिला एडर (पाय ठेवायची पट्ट्याची लोंबती पायरी), चढायचं, टेदरवर लटकायचं, स्टिक सोडवून वर बांधायची, पुन्हा चढायचं. वजन कमी आणि तंत्र तुमच्या ओळखीचं. तरी दिवसभराच्या बैठकीला मी ते टाळतो. पहाटे त्या लटकण्या-सोडवण्यात घाम येतो, आणि पहाटेचा घाम दुपारी हाडांत शिरतो. मी तीन स्टिक नेतो, सगळ्यांत खालच्या स्टिकला एक एडर लावतो. एवढ्यात सोळा-अठरा फूट उंची मिळते, आणि त्याहून वर जायची मला गरज वाटत नाही. फार वरून नेम इतका तिरपा होतो की दोन्ही फुप्फुसं बाणाच्या वाटेत येणं कठीण होतं.

उतरताना मात्र दोर वापरतो, आणि इथे तुमचं सह्याद्रीतलं शिक्षण कामाला येईल. बारा तासांनी, अंधारात, थिजलेल्या पायांनी खालची स्टिक चाचपडत शोधणं मला धोक्याचं वाटतं. झाडाभोवती दोराचा सरकफास, खाली आल्यावर तो ओढून काढायला एक बारीक दोरी, उतरण्याचा वेग आवरणारा डिसेंडर आणि त्याच्या खाली प्रुसिकचा, म्हणजे भार आला की दोर पकडणाऱ्या बारीक दोरीच्या फासाचा, बॅकअप. वाटेत एकेक स्टिक सोडवत यायचं. दोराच्या टोकाला गाठ. डिसेंडर ज्या जाडीच्या दोरासाठी आहे तीच जाडी वापरायची. आजकाल टेदर ८ मिमीचेही येतात, आणि जाड दोराच्या डिसेंडरमध्ये तसला दोर सरळ घसरतो. टेदर सोडण्याआधी रॅपलच्या दोरावर अख्खं वजन टाकून पाहायचं. हे तुम्हाला सांगायला नको, पण थकलेल्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून मी स्वतःशी मोठ्यानं म्हणतो.

गिर्यारोहकाची एक सवय मात्र इथे घात करते, ती म्हणजे थोडा ढिला दोर चालवून घेणं. सुळक्यावर तुमचा दोर डायनॅमिक असतो, ताणला जातो, झटका खातो. सॅडलचा टेदर स्टॅटिक. दोन फूट ढिल ठेवलीत आणि पाय निसटला तर तो झटका दोर खात नाही, तुमची कंबर खाते. सहा वर्षांपूर्वी दुपारी कोट घालायला म्हणून मी टेदर सैल केला. प्लॅटफॉर्मवर दंव होतं, डावा पाय गेला. दीड फुटाचीच पड, पण बरगडीला मार बसला आणि तीन आठवडे कुशीवर झोपता येत नव्हतं. त्या झाडावर मी एकटाच होतो, फोन पाठीवरच्या पिशवीत. तेव्हापासून टेदर कायम ताणलेला, आणि फोन छातीच्या खिशात. टेदरवरची प्रुसिक दोरी मुख्य दोराहून बारीक किंवा त्याच दोरासाठी कंपनीनं ठरवून दिलेलीच हवी. नोव्हेंबरात गारठलेली ओली प्रुसिक हातमोज्यांनी सरकत नाही, म्हणून कोणी यांत्रिक पकड वापरतात. चालते, पण तिच्याखाली दोराला एक साधी गाठ ठेवा.

जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेले असायला हवेत. चढताना लाइनमनचा पट्टा, फांदी ओलांडताना आधी टेदर फांदीच्या वर बांधून मग पट्टा सोडायचा. धनुष्य पाठीवर नको, ते नंतर दोरीनं वर ओढायचं, बाणांच्या पात्यांवर झाकण घालून. आणि एक पायफास, तुमच्या भाषेत एट्रिए, हाताशी राहील अशा खिशात ठेवा. प्लॅटफॉर्म निसटला तर त्या फासात पाय घालून उभं राहता येतं. पाय अधांतरी ठेवून निपचित लटकत राहिलं तर पायांतलं रक्त वर येत नाही, आणि त्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. पायाला मुंग्या किंवा डोक्यात हलकेपणा जाणवला की लगेच उभं राहायचं, हरीण समोर असलं तरी. घरी झाडाची खूण आणि परतायची वेळ कळवूनच निघा.

झाडाबद्दल एवढंच, की इथल्या जंगलात अॅशची झाडं ओळखायला शिका. २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडलेल्या एमराल्ड अॅश बोरर या हिरव्या किड्यानं ती झाडं सगळीकडे मारली आहेत. वाळलेलं अॅश सरळ आणि भक्कम दिसतं, पण ठिसूळ असतं आणि सूचना न देता मोडतं. मेलेल्या कुठल्याच झाडावर चढू नका. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे पापुद्रे सुटतात, त्यावर स्टिक पकड घेत नाही, आणि आवाज होतो तो वेगळाच. मला दहा ते चौदा इंच जाडीचा रेड ओक किंवा पानगळीनंतरही हिरवा राहणारा हेमलॉक आवडतो. खोड त्याहून जाड असलं की झाडाभोवती वळणं अवघड होतं.

थंडीचं गणित पहाटेच्या चालीपासून सुरू होतं. अंगात फक्त एक पातळ लोकरी बनियन आणि सदरा ठेवून, किंचित कुडकुडत, हळू चाला. जाड कोट पिशवीवर बांधलेला, तो वर पोहोचून घाम सुकल्यावर घालायचा. कोट आखूड असावा, नाहीतर सॅडलखाली त्याचा चुरगळा होतो आणि नेमका खुब्यापाशी टोचतो. सॅडल कापड दाबून ठेवतं, त्यामुळे ढुंगणाखाली कितीही जाड कपडा असला तरी तो ऊब धरत नाही. यावर माझा उपाय जुन्या ट्रेकचा. कॅरीमॅटचा, म्हणजे फोमच्या चटईचा, एक तुकडा सॅडलच्या आकाराचा कापून आत सरकवतो. तो दबत नाही. दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर खर्च करण्याआधी हा तुकडा कापा.

खाण्यात माझ्याकडे दशम्या आणि गुळाचे लाडू असतात, फडक्यात बांधलेले. चिक्कीचा कागद शांत जंगलात बंदुकीसारखा वाजतो. वासाची काळजी मला विचाराल तर, वारा हरणांकडून तुमच्याकडे येत असेल तर दशमी चालते, आणि तुमच्याकडून हरणांकडे जात असेल तर अंगावरचा साबणही चालत नाही. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली न्या. त्या कारणासाठी खाली उतरणं म्हणजे दिवस संपवणं, आणि पाणी पिणंच टाळणं त्याहून वाईट, त्यानं थंडी जास्त लागते.

टेदर झाडावर ठेवून घरी येऊ नका. खारी दोर कुरतडतात, ऊन तो कमजोर करतं. दर हंगामाआधी दोर बोटांमधून पूर्ण सरकवून पाहा. कुठे मऊ पडला असेल, वरचं आवरण फाटलं किंवा वितळून कडक झालं असेल, तर तो बदला.

आणि हे सगळं आता, सप्टेंबरातच, अंगणातल्या झाडावर करून पाहा. प्लॅटफॉर्म जमिनीपासून दोन फुटांवर बांधा, नोव्हेंबरचे कपडे घाला, शनिवारची अख्खी दुपार तिथे काढा. पहिला तासभर ब्रिज आखूड ठेवा, मग दोन-दोन इंच सोडत जा. खुब्याची कळ कोणत्या मापाला गेली ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल. दोन्ही टेदरउंची उभं राहून कपाळ आणि वीत यांच्या हिशेबानं लक्षात ठेवा. ब्रिजचं माप ठरलं की त्या जागी दोराभोवती जाड सुती धाग्याचे चार वेढे गुंडाळा. पहाटे पाच वाजता, दिवा न लावता, हातमोजा काढून बोटानं चाचपलं की माप सापडतं.